तिसऱ्या आठवड्यातला पस्तावा आणि गुडघ्याखालची उशी

"ताई, नमस्कार. मी कऱ्हाडला राहते, वय ६७, निवृत्त शिक्षिका. उजव्या गुडघ्याचं सांधेबदलाचं ऑपरेशन होऊन आज २३ दिवस झाले. टाके निघाले, जखम कोरडी आहे, ताप नाही. साखर गोळ्यांवर ताब्यात आहे. घरात वॉकरवर चालते. पण रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, आणि मग वाटतं, कशाला हा उद्योग केला? दुखत होतं, पण चालत तर होते! आमच्याच बिल्डिंगमधल्या एका बाईंचं माझ्यानंतर दोन दिवसांनी झालं, त्यांचा गुडघा ११० अंश वाकतो. माझा ८०. तसा माझा दोन-तीन वर्षं नीट वाकतच नव्हता. फिजिओथेरपीची मुलगी आठवड्यातून तीनदा येते, ती पाय दाबून वाकवते तेव्हा मी अक्षरशः ओरडते. आमचे हे फार जपतात, पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाहीत. गुडघ्याखाली मऊ उशी लावून देतात, तेवढंच बरं वाटतं. बहीण म्हणते मालिशवाली लाव. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हात लावला तर लाकडाला लावल्यासारखं वाटतं, आणि चालताना आतून टक् टक् वाजतं. माझं ऑपरेशन फसलं का? डावाही करायचा ठरला होता, तो आता नको वाटतो. आणि नऊ आठवड्यांनी गौरी आहेत. पूजेला मांडी घालून बसता येईल का?"

बाई, नमस्कार. (तुम्ही शाळेत शिकवायचात, त्यामुळे ताई म्हणायला जीभ वळत नाही.)

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी. तुम्ही जे लिहिलंय त्यात ऑपरेशन फसल्याची एकही खूण मला दिसत नाही. दिसतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातलं नेहमीचं चित्र आणि त्यात एक चूक. ती चूक तुमच्या गुडघ्याखाली आहे. तिच्याकडे येतेच.

रात्रीचं आधी बोलू. मी एकतीस वर्षं फिजिओथेरपी केली. लोकांच्या घरी जाऊन त्यांचे गुडघे वाकवले आणि "होईल हो सगळं ठीक" असं किती वेळा म्हटलं त्याची मोजदाद नाही. मग चार वर्षांपूर्वी माझाच गुडघा बदलला, आणि विसाव्या की एकविसाव्या रात्री मी स्वयंपाकघरात वॉकर धरून उभी राहून स्वतःलाच शिव्या घातल्या. तेव्हा कळलं, माझे पेशंट मला काय सांगत होते आणि मी काय ऐकत नव्हते. हॉस्पिटलात इंजेक्शनं असतात, माणसांची ये-जा असते, दुखणं त्यात दडून जातं. घरी आलं की पहिले आठ-दहा दिवस भेटायला येणाऱ्यांचे. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे संपतात, जोराच्या गोळ्या कमी होतात, सूज मात्र जागेवरच असते. पस्तावा नेमका तेव्हा गाठतो. झोप मोडण्याचा त्रास सहा-आठ आठवडे राहतो, काहींना त्याहून जास्त. तुम्ही एकट्या नाही. त्या वेळी गावात आणखी कितीतरी गुडघे जागे असतात.

म्हणून रात्री अडीच वाजता ऑपरेशनचा निकाल लावू नका. सूज पुरती उतरायला तीन ते सहा महिने लागतात, गुडघा हाताला कोमट लागणंही काही महिने चालतं, आणि हा आपलाच पाय आहे असं मनाला पटायला वर्ष जातं. उगाच गोड बोलत नाही: या ऑपरेशननंतर पाचांतला साधारण एक जण पुरता समाधानी नसतो. पण ते वर्षाअखेरीला कळतं, तेविसाव्या दिवशी नाही.

झोपेसाठी करायच्या गोष्टी साध्या आहेत. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बर्फ लावा, पण पंचात गुंडाळून, कातडीवर थेट नको. दुखण्याची दिवसाची शेवटची गोळी संध्याकाळी सहाला घेत असाल, तर ती झोपताना घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. आणि जाग आलीच तर तळमळत पडू नका. आधी दिवा लावा, मग वॉकर घेऊन बाहेरच्या खोलीपर्यंत दोन फेऱ्या मारा. आखडलेला सांधा चालला की सैल होतो.

आता ती उशी.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरं का वाटतं? सुजलेल्या सांध्यात पाणी साठलेलं असतं. गुडघा साधारण तीस अंश वाकलेला असताना त्या पाण्याला सगळ्यात जास्त जागा मिळते, आतला ताण उतरतो, म्हणून सुख वाटतं. पण गुडघा रोज आठ-दहा तास त्याच कोनात राहिला तर मागचे स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण तसंच आखडतं. मग गुडघा सरळ होणं बंद होतं. लोक सगळे वाकण्याचे अंश मोजतात, पण पाय पुरता सरळ न होणं हे त्याहून वाईट. शेवटचे आठ-दहा अंश राहिले तरी माणूस लंगडतो, कारण वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत राबावं लागतं. थोडं चाललं की मांडी भरून येते, मग कंबर धरते, आणि माणूस म्हणतो ऑपरेशनचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा ती उशी आजच काढा. पाय उंच ठेवायचाच आहे, सुजेसाठी दिवसातून तीन-चार वेळा ठेवाच, पण आधार टाचेला आणि पोटरीला द्या, गुडघ्याला नाही. कुशीवर झोपायचं असेल तर दोन्ही पायांमध्ये लांब उशी घ्या. दिवसातून चार-पाच वेळा एक टॉवेल गुंडाळून फक्त टाचेखाली ठेवा आणि गुडघा पाच ते दहा मिनिटं अधांतरी सोडून द्या. मागून ओढ बसेल, बसू द्या. तशाच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली गादीकडे दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिसायला काहीच नाही, कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते घरच्या सगळ्या व्यायामांत पहिला नंबर याचाच. फिजिओच्या मुलीला पुढच्या वेळी विचारा, "सरळ किती होतो?" तुम्ही ८० लिहिलंत, हा दुसरा आकडा पत्रात नाही. मला तोच हवा होता.

वाकण्याचंही सांगते. सपाटीवर चालताना गुडघा सत्तरच्या आतच वाकतो. जिना चढायला साधारण ८५ अंश लागतात, उतरायला ९०, खुर्चीतून सहज उठायला ९५ ते १०५. म्हणजे ८० वर तुम्ही चालू शकता, जिन्यावर अडखळता, खुर्चीतून उठताना पाय पुढे टाकून हातांवर जोर देता. बरोबर ना? या टप्प्याला ९० च्या आसपास असलेलं बरं, म्हणजे तुम्ही थोड्या मागे आहात. पण नव्या गुडघ्याचं वाकणं सगळ्यात जास्त कशावर ठरतं, तर जुना किती वाकत होता यावर. तुमचा दोन-तीन वर्षं वाकतच नव्हता. शेजारच्या बाईंचा ऑपरेशनआधी किती वाकायचा हे त्यांना विचारलंत का? त्यांचा १२० असेल तर त्या दहा अंशांनी मागे आहेत, बाई! वर्गात पहिल्या दिवशी बाराखडी येणारं मूल आणि न येणारं मूल यांची तुलना तुम्ही कधी केली नसेल.

एक तारीख मात्र पक्की ठेवा. सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नका. तोवर गुडघा ९० पर्यंत आला नाही, तर सर्जन भूल देऊन गुडघा वाकवण्याचा विचार करू शकतात. त्यात काप नसतो, टाके नसतात. पण त्याचा उपयोग पहिल्या तीन महिन्यांत चांगला होतो, नंतर आतले चिकटे (जखम भरताना सांध्यात तयार होणारे चिवट धागे) घट्ट होतात. "बघू दिवाळीनंतर" असं म्हणत बसलेले लोक मी पाहिलेत.

ओरडण्याबद्दल. जोर लावून पाय दाबणं ही जुनी पद्धत आहे आणि मीही कितीतरी वर्षं तेच केलं, हे लाजत कबूल करते. बाहेरून रेटलं की मांडी घाबरून उलट आवळते, दुसऱ्या दिवशी सूज वाढते आणि मिळवलेले चार अंश परत जातात. मुलीला सरळ सांगा, "मी वाकवते, तू मोज." खुर्चीत बसा, ऑपरेशनच्या पायाचं पाऊल जुन्या मोज्यात घालून फरशीवर मागे सरकवा. जिथे अडेल तिथे चांगला पाय पुढून टेकवून हळूच आणखी मागे ढकला, दहा आकडे थांबा. किंवा पाऊल जागेवर ठेवून खुर्चीत पुढे सरका, गुडघा आपोआप वाकतो. अंथरुणात टाच सरकत नसेल तर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घाला. फिजिओची मुलगी यायच्या पाऊण तास आधी दुखण्याची गोळी घ्या, तिच्या वेळेला गोळीची वेळ जुळवा. आणि आठवड्यातून तीन दिवस तासभर रडण्यापेक्षा दिवसातून आठ वेळा पाच-पाच मिनिटं केलेलं जास्त कामाला येतं. दुखलं तर चालेल. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात उतरलं तर ठीक. दुसऱ्या सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा टरारलेला आणि गरम असेल, तर जास्त झालं, त्या दिवशी निम्मं करा.

गोळ्यांची पाकिटं एकदा चष्मा लावून वाचा. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं, आणि वर वेगळी पॅरासिटामॉल चालू असते. दोन्ही मिळून रोज किती पोटात जातं ते डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून आणखी एखादी दुखण्याची गोळी परस्पर आणू नका. रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू असेल तर तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि मूत्रपिंडालाही त्रास होतो. ते पातळ करणारं औषधही आपल्या मनाने बंद करायचं नाही, सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यायचं. ट्रॅमाडॉलने पोट गच्च होतं, बायका हे लाजून बोलत नाहीत आणि आठवडाभर कळवळतात. इसबगोल, भरपूर पाणी, चालणं, आणि तरी नाही झालं तर डॉक्टरांकडून रेचक. खाण्यात उसळ, डाळ, दही, चालत असेल तर अंडं, मासे. डिंकाचे लाडू येतीलच घरोघरून. तुम्हाला साखर आहे, तेव्हा ते आलेल्यांनाच खाऊ घाला.

आता तुमचे हे. माणूस प्रेमाने करतोय, त्यामुळे त्यांना रागवायचं नाही, पण ग्लास आणून देणं थांबवायला हवं. त्यांना म्हणा, पाणी आणू नका, पाण्यापर्यंत माझ्याबरोबर चला. जपणाऱ्या नवऱ्याला काम हातात दिलं की तो उत्तम करतो: वही काढून द्या, गोळ्यांच्या वेळा, बर्फाच्या वेळा, व्यायाम किती वेळा झाला, सगळं त्यांनी लिहायचं. घरातली पायपुसणी त्यांनाच गोळा करायला लावा, वॉकरचा पाय त्यात अडकतो. मोरीत रबरी बुडाचं स्टूल, भिंतीला धरायला दांडा, आणि पावसाळ्यात दारातली ओली फरशी पुसणं हेही त्यांचंच खातं. जिन्याची वेळ आली तर चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली, आणि कठडा सोडायचा नाही. पुढे वॉकर सुटून काठी येईल तेव्हा ती डाव्या हातात धरा, चांगल्या पायाच्या बाजूला. निम्मे लोक उलटी धरतात. ती काढलेली उशीही त्यांनाच द्या. तेविसावी रात्र त्यांचीही आहे, झोप त्यांनाही नसणार.

लाकूड आणि टक् टक्, दोन्हीची काळजी सोडा. गुडघ्याच्या पुढच्या कापात कातडीची एक बारीक नस तुटते, ती टाळता येत नाही, म्हणून कापाच्या बाहेरच्या बाजूला बधिर राहतं. तो भाग हळूहळू लहान होतो, थोडा कायम राहतो. आवाज धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा आहे, स्नायू बळकट झाले की कमी होतो. पण बधिर आहे म्हणूनच तिथे गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, पोळलं तरी कळत नाही.

मालिशवालीला नको म्हणा. बहिणीला माझं नाव सांगा हवं तर. या दिवसांत पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि ती चोळणं धोक्याचं असतं. लेप, हळद, तेल, काहीही कापाच्या जवळ नाही. बहिणीचा एवढाच हट्ट असेल तर चांगल्या पायाचे तळवे चोळून घ्या.

हे मात्र फ्रिजवर लावून ठेवा. एका पोटरीत अचानक दुखणं आणि सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन. कोरडी झालेली जखम पुन्हा ओली झाली, लाली पसरायला लागली, ताप १०१ च्या वर गेला, दुखणं कमी होत आलेलं असताना एकदम उलटलं, तर ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच दाखवा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करून मग सर्जनकडे जाऊ नका. त्याने सांध्यातला जंतू तपासणीत सापडत नाही आणि खरं दुखणं दबून राहतं. कृत्रिम सांध्याला जंतू रक्तातूनही पोचतो, म्हणून लघवीची जळजळ, दातातला पू आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या यांकडे मधुमेह्याने तर दुर्लक्ष करूच नये. रोज रात्री बोटांमधली जागा कोरडी करा. वाकता येत नसेल तर हेही त्यांच्या वहीत घाला.

डाव्याचं आज ठरवू नका. २००० साली ऑक्टोबरात अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईला ब्रीच कँडी हॉस्पिटलात बदलला. ते पंतप्रधान होते, डॉ. चित्तरंजन राणावतांनी ऑपरेशन केलं. उजवा झाला तो पुढच्या वर्षी जूनमध्ये. पुढे कितीतरी दिवस माझ्याकडचे म्हातारे "वाजपेयींचं ऑपरेशन" असंच म्हणायचे. एक करून दुसऱ्यासाठी आठ महिने थांबण्यात काही बिघडत नाही. उजवा भरवशाचा झाला की डावा किती त्रास देतो ते तोच सांगेल. इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा, टिकेल का, हीही धास्ती असते पुष्कळांना. २०१९ साली मोठ्या नोंदींवरून काढलेल्या हिशेबात १०० पैकी ८२ गुडघे पंचवीस वर्षांनंतरही चालू होते. तुम्ही ९२ च्या व्हाल तेव्हा बघू.

राहिल्या गौरी. मांडी घालायला आणि उकिडवं बसायला गुडघा १३० च्या आसपास किंवा पुढे वाकावा लागतो, आणि तेवढा वाकला तरी बहुतेक सर्जन नव्या गुडघ्याने जमिनीवर बसू नका म्हणतात. तुमचा इम्प्लांट कुठला आहे हे त्यांना माहीत, त्यांना विचारा, पण यंदाचं उत्तर मी देऊन टाकते: नाही. बसणं एक वेळ जमेल, उठणं जमणार नाही, आणि सणाच्या गर्दीत धरायला येणारे हात तुम्हाला नको त्या बाजूने ओढतील. आमच्याकडच्या गौरी स्टँडवर उभ्या असतात, तुमच्याकडे बसत्या असतील तर दिवाणावर मांडा. पूजेचं ताट टेबलावर घ्या. तोवर बारा आठवडे झालेले असतील, बहुधा काठीशिवाय घरात वावराल, ओट्याशी उंच स्टुलावर बसून पुरण परतू शकाल. वाटायला सून किंवा मिक्सर. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीसाठी उठू नका, त्यांना वाकू द्या. आणि पूजेला खुर्ची हातांची लाकडी घ्या, प्लास्टिकची नको, ती फरशीवर मागे सरकते.